कानामागून आलेली पेन्सिल

प्रिय ताई,

आई वाचून दाखवताना मध्येच चष्मा शोधायला उठली, तर तिला दामटून बसव. तुझी ताकीद लक्षात आहे: प्रयोगवहीतलं नको, वहीत जे लिहीत नाही ते कळव. तर ऐक. कांद्याचा पापुद्रा शेवटी जमला. तीन आठवडे काचेखाली हवेचे बुडबुडे येत होते आणि मी तेच पेशी समजून मन लावून काढत होते. बाई म्हणाल्या, चित्र सुरेख आहे, फक्त कांद्याचं नाही. तू असतीस तर हसून लोळली असतीस. टेबलावर माझं नाव 'धांदरट' पडलंय. कोपराजवळची लाल रंगाची बाटली दोनदा सांडली, तेव्हापासून जोडीदारीण माझ्या बाजूला काही ठेवतच नाही.

मागच्या बुधवारी बकऱ्याचा डोळा कापला. आतला पडदा ओल्या कागदासारखा सुटून आला, एकाच जागी चिकटलेला. तुझ्या डॉक्टरांनी ज्याच्याबद्दल इतकं सांगितलं, तो हाच, इतकासा. मला त्याचा रागच आला. एवढ्याशा चिंधीपायी तुझी नजर गेली, कॉलेज सुटलं. मग बाईंनी आमच्याच डोळ्यांचा प्रयोग दिला. समोर टक लावून बसायचं, जोडीदारणीने कानामागून पेन्सिल हळूहळू पुढे आणायची, दिसली की सांगायचं. सगळ्यांनी कानाच्या रेषेतच सांगितलं. मीही.

आई, आता मोठ्याने वाचू नकोस. पान उलटतेय म्हणून सांग. फोनवर ताई तुझ्या शेजारीच असते, म्हणून हे पत्र. मला पेन्सिल दिसली नव्हती. पहिल्यांदा ती गालापुढे आली तरी मी गप्प होते. जोडीदारीण म्हणाली, "चिमे, नाटकं पुरे." मग दुसऱ्या खेपेला ती कानाशी असेल तेव्हाच मी अंदाजाने 'दिसली' म्हणून टाकलं. वहीत तोच आकडा आहे आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केलीय. परवा एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ आत बघितलं आणि एवढंच विचारलं, "घरात अजून कुणाला आहे?" ताईच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं, धाकटी सुटलीही असेल. त्या एका वाक्यावर तू सात वर्षं काढलीस. मी सुटले नाही, आई. उपाय नाही, हे तुला मी काय सांगू. मला फार भीती वाटते. ताईला मी सुट्टीत येऊन सांगेन, तोवर तिच्यापुढे रडू नकोस. ती तिखट कानाची आहे, आणि कळलं तर स्वतःलाच बोल लावत बसेल. आधी घोटभर पाणी पी. मग खालची ओळ नेहमीसारखी वाच.

ताई, बाकी सगळं ठीक. यंदा माझे सगळे प्रयोग बरोबर आले.

तुम्हा दोघींचीच,
चिमी