गुडघ्याला धक्का न लावता

२८ जुलै, सकाळी
पलंगावर पडून लिहितोय. बाहेर कारखान्याच्या पहिल्या पाळीचा भोंगा झाला. काल स्टेडियमच्या वळणावर उजव्या गुडघ्यातून ‘कट’ असा आवाज आला. आवाज बारीकच होता, पण पलीकडच्या टोकाला पळणाऱ्या कांचननं वळून पाहिलं. म्हणजे आमच्यात काहीतरी आहे. (नंतरची भर: दुपारी कळलं, ती दुधाच्या गाडीकडे बघत होती.)

कारण लिहून ठेवतो. यंदा टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळानं गणेशोत्सवात जोडीची रिले ठेवलीय, एक मुलगा, एक मुलगी. समोरच्या ब्लॉकमधली कांचन मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, जो रोज सकाळी ग्राउंडवर दिसेल त्याच्याबरोबर मी पळणार. हे माझ्यासाठीच होतं. ट्रेनी होस्टेलमधल्या उदयलाही ते त्याच्यासाठी वाटलं. नागपूरचा आहे, नवा इंजिनिअर. म्हणून मी त्याच्यापेक्षा जास्त पळायचं ठरवलं. तेही सिमेंटच्या रस्त्यावर, कॉलेजातल्या कॅनव्हासच्या बुटांत. कॉलेज सोडलं, बूट सोडले नव्हते.

२९ जुलै
कारखान्याच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. बाबा म्हणाले, कॉलेजातून नाव कटलं तरी माझ्या मेडिकल बुकात अजून आहे, तेवढा फायदा घे. मी बुक खिशात घातलं. हा संयम कोणी बघत नाही.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीत पाठवलं. तिथे सईदभाई. गुडघ्याची वाटी दोन बोटांनी हलवली आणि मी न सांगताच सिमेंट ओळखलं. गणपतीपर्यंत पळणं बंद. मी म्हटलं, अशक्य. ते म्हणाले, “मियाँ, पळणं बंद, दम थोडाच बंद आहे? सायकल चलाओ, पानी में चलो. बस, घुटने को झटका नहीं.”

म्हणजे दम टिकवायचा, पाय वाचवायचा, आणि ऐन दिवशी उतरायचं. युद्धात याला डावपेच म्हणतात. कांचनला असंच सांगणार.

३० जुलै
सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दुखतंय. मी म्हटलं, डावपेच आहे. ती म्हणाली, बरं, दुखणं कमी झालं की सांग.

१ ऑगस्ट
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, दहा आकडे धरायची, सोडायची. इतका अपमानकारक व्यायाम आजवर केला नव्हता. आई दारातून विचारून गेली, टॉवेलवर राग कसला? आंघोळीला तोच हवा होता तिला.

५ ऑगस्ट
सायकल सुरू. सईदभाईंच्या अटी: सीट उंच, पायडल हलकं, सपाट रस्ता, चढण नाही. सगळ्या मान्य. टाउनशिपचा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना गुलमोहर, मन शांत. अशा व्यायामानं स्वभावही सुधारेल असं वाटतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अरेरा हिल्सच्या पायथ्याशी उदय स्कूटरवरून पुढे गेला. जाताना हात हलवला. तो हात नुसता नव्हता, त्यात अर्थ होता. मी चढण घेतली. अर्ध्यापर्यंत मी त्याच्या मागेच होतो. म्हणजे तो दिसत होता. मग दिसेनासा झाला. मग गुडघाही गेला.
टेम्पोच्या टपावर सायकल टाकून परत आलो. टेम्पोवाल्यानं इथल्या बोलीत विचारलं, को खाँ, पंचर? मी म्हटलं, हो.

६ ऑगस्ट
सईदभाईंनी सूज बघितली. मी म्हटलं, झोपेत झाली असेल. त्यांनी खोलीतल्या एकुलत्या एका व्यायामाच्या सायकलीकडे बोट केलं. ती जमिनीला बोल्टनं जखडलेली आहे. म्हणाले, तुमच्यासारख्यांसाठीच आहे ही.

१४ ऑगस्ट
क्लबच्या पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात चालणे. सकाळची बॅच फक्त रिटायर झालेल्यांची. सेक्रेटरींनी हॉस्पिटलची चिठ्ठी बघून मला त्यांच्यात ढकललं. पाण्यात वजन लागत नाही, हे खरं. वयही लागत नाही, हे आज कळलं. फाउंड्रीतून रिटायर झालेले शांताराम काका माझ्यापुढे निघून गेले. कानाला लोकरीची टोपी, तोंडानं विष्णुसहस्रनाम. काठाला पोचून म्हणाले, “सावकाश ये हो अच्युत, कुणी मागे लागलेलं नाही.”
हे मला सहन होणं शक्य नव्हतं.

१६ ऑगस्ट
काकांना हरवलं. चालून नव्हे, शेवटी पोहलो. पोहायला परवानगी आहे, फक्त बेडकासारखे पाय मारायचे नाहीत. बेडकासारखेच मारले, कारण बाहेर जाळीपाशी कांचन उभी होती, आणि सरळ पाय हलवत पोहणारा माणूस बुडतोय असं दिसतं. ती काकांना मंडळाचा निरोप द्यायला आली होती. काकांना हरवल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. काकांच्याही आलं नाही. गुडघ्याच्या आलं.

२५ ऑगस्ट
आज भांडण. मी कांचनला म्हटलं, रिलेला मीच पळणार, उदयला सांगून टाक. ती म्हणाली, तू ग्राउंडवर दिसतोस कुठे? मी टॉवेल, तलाव, बोल्टवाली सायकल सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कॉलेज अर्धवट, टायपिंगचा क्लास अर्धवट, आता हे. तुझी एक तरी गोष्ट शेवटाला गेलीय का रे, अच्युत?”
मी म्हटलं, कॉलेज सोडायला कारण होतं, त्या प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या जर्नलला रद्दी म्हटलं होतं. ती म्हणाली, मग जर्नल पूर्ण करून त्यांच्या टेबलावर आपटायचं होतंस.
पण तिनं टायपिंगचा क्लास लक्षात ठेवला होता. हे विचार करण्यासारखं आहे.

१ सप्टेंबर
नवा संकल्प. जे सांगितलंय तेच, तेवढंच. टॉवेल दाबला. पाण्यात काकांच्या मागून चाललो. काकांनी मागे वळून दोनदा तब्येत विचारली.

११ सप्टेंबर
गुडघा कुरकुरत नाही. सईदभाई म्हणाले, पाहिलंत, तुम्ही मध्ये पडला नाहीत तर तो आपोआप बरा होतो. पळायला मात्र अजून नाही. रिलेच्या यादीत कांचनपुढे उदयचं नाव लागलं. मी शांत आहे. आईच्या मते मी फाटक जोरात लावलं. फाटकच सैल आहे.

१७ सप्टेंबर
गणपती बसले. आरतीनंतर कांचन स्वतः माझ्याकडे आली. रविवारच्या स्लो सायकल स्पर्धेत तिनं माझं नाव दिलंय. सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. म्हणाली, “यात गुडघ्याला धक्का नाही. नुसतं हळू जायचंय. शेवटापर्यंत. जमेल?”
जमेल म्हटलं.
मुलगी उगाच कुणाचं नाव देत नाही. हे जिंकलं की सगळं फिटलं: कॉलेज, टायपिंग, सगळं. मग तिच्याशी बोलणार. काय बोलणार तेही ठरलंय.

२० सप्टेंबर
क्वार्टरमागच्या गल्लीत प्रॅक्टिस. हँडल वाकडं धरायचं, ब्रेक अर्धा, पायडलवर नुसता भार. एका जागी उभा राहू शकतो. विम्याचा एजंट आला होता, तो आत बाबांशी बोलून चहा पिऊन निघाला तरी मी तुळशीपासून नळापर्यंत पोचलो नव्हतो. बाबा बघत होते. म्हणाले, हे तुला जमतंय. बाबांनी याआधी असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

२२ सप्टेंबर, रात्री
सगळं लिहितो. ग्राउंडवर चुन्याच्या फक्कीचे पट्टे. शिट्टी झाली. पहिल्याच मिनिटात बरेच बाद, कुणी पाय टेकला, कुणी शेजारच्यावर पडला. शेवटी दोघंच उरलो. मी आणि त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर शांताराम काका. काका माझ्या दोन हात पुढे. म्हणजे मी जिंकत होतो. बाबा मंडपातून बाहेर येऊन उभे राहिले. शेवटच्या रेषेपाशी कांचन होती. ती ओरडली, “हळू, अच्युत, हळू.” माझं नाव, ग्राउंडभर.
तेवढ्यात उदय तिथे आला आणि खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधू लागला. पुढे तिची रिले होती, पाठीवर नंबर लावलेला, वाकता येत नसेल, हे आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त नाडी दिसली.
मी पायडल मारलं. एकदा. मग खूपदा. काकांच्या बाजूनं सुसाट गेलो, रेषा ओलांडली आणि उदयपासून वीतभर अंतरावर ब्रेक लावला. तो दचकून मागे बसला. मी काहीतरी मोठं बोलणार होतो. माईकवरून मंडळाच्या केशवकाकांनी जाहीर केलं की अच्युत पहिला आला आहे, म्हणून बाद आहे.
शांताराम काका अजून मधेच होते. आरामात येत होते. त्यांना स्टीलचा डबा मिळाला.
बाबा मंडपात परत गेले.
कांचन म्हणाली, “इतकी कसली घाई होती तुला?” रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मग ती रिलेला गेली. ती आणि उदय जिंकले.
आयुष्यात एक गोष्ट शेवटापर्यंत नेली. तीही नको तितक्या लवकर.

२३ सप्टेंबर
सईदभाईंनी गुडघा वाकवून बघितला, सरळ करून बघितला. एकदम ठीक. इतक्या जोरात सायकल मारूनही सूज नाही. म्हणाले, उद्यापासून थोडं थोडं पळायला हरकत नाही.

संध्याकाळी कांचन आली. प्रसादाचे मोदक घेऊन. तिला आणि उदयला मंडळातर्फे इंदूरच्या स्पर्धेला पाठवणार आहेत. रोज सकाळी दोघांची प्रॅक्टिस. वेळ मोजायला भरवशाचं माणूस हवंय. तिला माझंच नाव सुचलं.
हो म्हटलं.
स्टॉपवॉच हातात धरून उभं राहायचं. गुडघ्याला धक्का अजिबात नाही.