सुरूच्या तीन काठ्या आणि बांधावरची जमीन

मी, चेंगो न्झाई, आधी सुतार आणि नंतर गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी, राहणार म्वेम्बेनी, जिल्हा किलिफी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कान थोडे गेले आहेत, पण माझ्याबद्दल कुजबुजलेले अजून ऐकू येते. कोणी धाक घालून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. उलट धाक आहे म्हणूनच मी लिहायला बसलो आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण घाई नव्हती.

कलम पहिले: वाचनाबद्दल. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे करायचे नाही. हे येत्या सभेत, चीफसाहेबांच्या कचेरीपुढच्या आंब्याखाली, सगळ्या गावासमोर आणि मी तिथे बसलेला असताना मोठ्याने वाचायचे. मेल्यावर वाचून मला काय उपयोग?

कारण सर्वांना माहीत आहे, तरी कागदावर यावे म्हणून लिहितो. आमच्या भागात पांढऱ्या केसांच्या माणसाला चेटक्या ठरवायला फार काही लागत नाही. कोणाचे पोर आजारी पडते, कोणाची गाय आटते, आणि एक नाव निघते. ज्याचे नाव निघते त्या म्हाताऱ्याची जमीन नेमकी रस्त्यालगत असते, हा मोठाच योगायोग म्हणायचा. पलीकडच्या वाडीतल्या म्वांबिरेला त्याच्याच काजूखाली कोयत्याने तोडला. त्याचे चेटूक कोणी पाहिले नव्हते. जमीन मात्र पुढच्या पावसाच्या आत विकली गेली. यंदा माझे नाव निघाले आहे.

कलम दुसरे: केसांचा कलप. माझ्याबरोबर कॅडीकाम करणारी सिदी हिने बाजारातून काळ्या कलपाची पुडी आणून दिली आणि म्हणाली, "चेंगोबाबा, लाज नका वाटून घेऊ, आता सगळेच म्हातारे लावतात." खरे आहे, लावतात. आमच्या गावात सध्या माझ्याहून वडीलधारे लोक माझ्याहून तरुण दिसतात. मी लावणार नाही. हे केस मी उन्हात पिशव्या वाहून पांढरे केले आहेत. पुडी फोडलेली नाही, ती सिदीला परत द्यावी. तिची माया मात्र मी ठेवून घेत आहे.

कलम तिसरे: घरसामान. घर मातीचे, वर झावळ्यांचे छप्पर, त्याची किंमत करण्यात वेळ घालवू नये. माझी बायको न्येवू हिचे अंगाला गुंडाळायचे रंगीत खांगे, तिचे नारळ खवायचे बसके आसन आणि मोठे पातेले तिच्या बहिणीच्या मुलींनी वाटून घ्यावे. पातेल्यावरून भांडण होणार हे मला माहीत आहे. न्येवू आणि तिची बहीणही त्याच पातेल्यावरून भांडल्या होत्या, तेव्हा खुशाल भांडा. माझ्या माडांची माडी शेजारी उतरवतो ती त्यानेच उतरवावी, पण तीत पाणी घालू नये. गेली काही वर्षे तो घालतो आहे आणि मला कळत नाही असे मी दाखवतो आहे.

कलम चौथे: टेकू. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या जिवावर बेतले ते यावरूनच.

क्लबात पाहुण्यांना भाड्याने देतात त्या जुन्या पिशव्यांचे पाय केव्हाच मोडले आहेत. त्यामुळे प्रत्येक फटक्याला कॅडीने पिशवी जमिनीवर आडवी ठेवायची आणि पुन्हा वाकून उचलायची. सकाळी दंवाने पिशवी भिजते आणि पाहुणे आपल्यावर चिडतात. सावलीत ठेवावी तर लाल मुंग्या आत शिरतात, तरी आपल्यावरच चिडतात. सिदीची कंबर त्या वाकण्यात गेली. दोन मुलांना वाढवणारी बाई घरी रांगत जाते हे मला बघवले नाही, म्हणून मी पिशवीला टेकू करायला घेतला.

पहिला चार पायांचा केला, स्टुलासारखा, सुताराच्या सवयीने. ओट्यावर झकास उभा राहिला आणि मैदानात डुगडुगला, कारण मैदान कुठेच सपाट नसते. मग सुरूच्या तीन काठ्यांची तिवई केली, वर काथ्याने बांधलेली. तीन पाय कुठेही टेकतात. पण जूनमध्ये समुद्रावरून कुसी म्हणतात तो दक्षिणेचा वारा सुटला की पिशवी तिवईसकट उलटायची. पाय किती फाकवले म्हणजे ती टिकते, हे बघायला हवे होते.

या कामात माझा पुतण्या फोंडो माझ्याबरोबर होता. काठ्या त्याने तासल्या. वरची गाठ त्याने मारली, दोन वेढे घेऊन मधून काढलेली. ती गाठ मीच त्याला शिकवली, तो माझ्या कमरेएवढा असताना. वारा सगळ्यात जास्त लागतो तो आमचा वरचा बांध, म्हणजे माझी जमीन संपून त्याचे अंगण सुरू होते तिथे. तिवई तिथे उभी करू ही कल्पनाही त्याचीच. पिशवीऐवजी आम्ही वाळू भरलेले काळे पोते तिच्यात टेकवले. वाऱ्याची दिशा दिसावी म्हणून मी न्येवूच्या जुन्या लाल खांग्याची चिंधी वर बांधली. मग मी एका छपराच्या कामाला मालिंदीला गेलो.

आमच्याकडे बांधावर तीन काठ्या, काळे गाठोडे आणि लाल चिंधी म्हणजे शेजाऱ्यावर केलेली करणी. दुसरा अर्थ कोणाला सुचत नाही. दुसऱ्याच्या बांधावर पाहिली असती तर मलाही सुचला नसता.

त्याच आठवड्यात फोंडोची धाकटी तापाने फणफणली. लोक बांधावर जमले. पोरीला हिवताप होता. दवाखान्यातल्या नर्स जुम्वा यांनी रक्त तपासून औषध दिले आणि ती आता माझ्या आंब्यावर चढून कैऱ्या पाडते. पण तेव्हा ती अंथरुणात होती आणि लोकांनी तिच्या बापालाच विचारले की हे काय उभे केले आहे. एका वाक्यात विषय मिटला असता. गोल्फची पिशवी ठेवायचा टेकू आहे, मीच बांधलाय, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. सिदी तिथे होती, तिने ऐकले. फोंडो म्हणाला, "काकांनी खाली काय पुरलंय ते काकांनाच विचारा."

खाली काहीही पुरलेले नव्हते. पुरल्याचे कोणी म्हटलेही नव्हते. तो शब्द फोंडोने स्वतः आणला.

मी परत आलो तोवर तिवई जाळून झाली होती. पोत्यातली वाळू अजून तिथेच पडली आहे आणि लोक तिला वळसा घालून जातात. त्यानंतर पाणवठ्यावर मी गेलो की बायका घागरी उचलतात. कोणीतरी माझ्या दाराच्या चौकटीवर कोयत्याचा एक घाव घालून ठेवला आहे. चौकट मी केलेली आहे, चांगल्या लाकडाची, ती वाया घालवल्याचा मला राग आला. भीती त्याच्यानंतर वाटली, आणि ती गेलेली नाही.

टेकू मात्र मी पुरा केला. एके दिवशी लक्षात आले की तिसऱ्या काठीची गरजच नाही, पिशवी स्वतःच तिसरा पाय आहे. दोन काठ्यांची वरच्या टोकापासून वीतभर खाली फुली करायची, फुलीवर काथ्या बांधायचा, तो इतकाच घट्ट की काठ्या फिरवल्या तर मिटाव्यात. खाली पायांमध्ये एक दोरी, जास्त फाकू नयेत म्हणून. पायांना जुन्या टायरचे तुकडे, हिरवळीला भोके पडू नयेत म्हणून. पिशवीचे बूड जमिनीवर आणि मान फुलीत. मग कितीही वारा येऊ दे, पिशवी जितकी जड तितकी ती घट्ट बसते. सिदी आता न वाकता दिवस काढते.

हा टेकू मी किलिफीतल्या सगळ्या कॅडींना देत आहे. ज्याला हवा त्याने करावा, कोणाला विचारू नये. क्लबच्या मॅनेजरसाहेबांनी त्यावर आपला छाप मारायची इच्छा बोलून दाखवली आहे. त्यांना नम्रपणे कळवतो की छाप त्यांनी स्वतःच्या पाठीवर मारून घ्यावा.

कलम पाचवे: हत्यारे. रंधा, दोन करवती, पटाशा आणि गिरमिट सिदीला द्यावे. बाईमाणूस रंध्याचे काय करणार असे कोणी म्हणेल. आत्ता क्लबात आहेत त्यातले बरेच टेकू तिने केले आहेत आणि ते माझ्या हातच्यांहून साफ आहेत. कोयता कोणालाही देऊ नये. तो समुद्रात टाकावा.

कलम सहावे: जमीन. माझी जमीन रस्त्यापासून मैदानाच्या कुंपणापर्यंत आहे, माझ्या नावावर आहे, कर्ज नाही. नैरोबीचे एक गृहस्थ तिथे बंगले बांधू इच्छितात. त्यांना जमीन फिरून दाखवण्याचे काम फोंडोने परस्पर केले आहे, मी घरात झोपलेलो असताना.

फोंडो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ मासेमारीला गेला तो आला नाही, तेव्हा फोंडो आमच्याकडे आला. न्येवूला आणि मला मूल झाले नाही, आम्हाला फोंडो झाला. न्येवू गेली तेव्हा तिचे डोके त्याच्या मांडीवर होते. रीतीप्रमाणे जमीन त्याचीच, आणि रीत नसती तरी मी त्यालाच दिली असती. त्याने थोडी वाट पाहायला हवी होती, इतकेच. मी काही फार दिवस अडवणार नव्हतो.

तरी मी पुढीलप्रमाणे ठरवतो.

(अ) मी आजारपणाने किंवा म्हातारपणाने माझ्या अंथरुणात मेलो, तर सगळी जमीन फोंडोची. विकावी, ठेवावी, त्याची मर्जी.

(आ) माझ्या अंगावर लोखंडाचा घाव सापडला, किंवा मी सापडलोच नाही, तर जमिनीतला तुकडाही फोंडोला मिळणार नाही. मग कोणाला द्यायची, याचा मी पुष्कळ विचार केला. कोणाही जिवंत माणसाचे नाव घातले तर त्याच्या हाती मीच कोयता दिल्यासारखे होईल. म्हणून ती मेलेल्यांना देत आहे. चेटक्या म्हणून मारलेल्या आणि घाईघाईने कुठेही पुरलेल्या आमच्या भागातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तिथे आणून नीट पुरावे, म्वांबिरेला आधी. तिथे बंगला कोणी बांधतो का ते मग पाहू.

म्हणजे आजपासून मला साधी ठेचही लागू नये याची काळजी गावात सगळ्यात जास्त फोंडोने घ्यायची आहे. फोंडो, हे वाचताना तू समोर असशील. माझा संशय खोटा ठरव. मी आनंदाने सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन, आणि तुला माहीत आहे की मी न्येवूचीसुद्धा कधी मागितली नव्हती.

कलम सातवे: मला न्येवूशेजारी पुरावे. अंमलबजावणी नर्स जुम्वा यांनी करावी, कारण त्या कोणाला भीत नाहीत.

पुरवणी, वाचनानंतर तिथेच आंब्याखाली लिहिलेली.

वरचा मजकूर चीफसाहेबांचे कारकून म्वेनी थोया यांनी सभेत वाचला. माडीवाल्या शेजाऱ्यावर लोक हसले, मॅनेजरवरही हसले. जमिनीचे कलम आले तेव्हा मी फोंडोकडे पाहत होतो. तो रागावेल असे मला वाटले होते. रडेल असेही वाटले होते, आणि खरे सांगायचे तर मी त्याचीच वाट पाहत होतो.

तो उठला, टोपी काढली आणि बसची वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात कारकुनांना म्हणाला, "आजारपण म्हणजे कसलंही ना? पोटाचं वगैरे धरून?"

कारकून म्हणाले, कागदात तसा काही फरक केलेला नाही.

"आणि डॉक्टरचा दाखला लागेल, का अंथरुणात सापडलं म्हणजे पुरे?"

नर्स जुम्वा यांनी माझा हात धरला. न्येवू गेल्यापासून माझे दुपारचे जेवण फोंडोच्या घरून येते, त्याच्या बायकोच्या हातचे, झाकून. हे मी वर कुठे लिहिलेले नाही. लिहिण्यासारखे वाटले नव्हते. आजही आले, माशाचे कालवण, आणि मी ते संध्याकाळसाठी ठेवून आलो आहे.

मी कागद परत मागितला आणि कलम सहा (अ) खोडले. खोडले तिथे माझी व साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. मी कसाही मेलो, घावाने, तापाने, की पोटाने, जमीन मेलेल्यांचीच राहील. (आ) मधली अटही त्यामुळे संपली. हे मी मांडीवर कागद धरून लिहिले. अक्षर बिघडले आहे त्याचे कारण तेवढेच आहे, माझी बुद्धी शाबूत आहे. तो मला मुलासारखा होता आणि अजून आहे, हेही मी शुद्धीवर असताना लिहीत आहे.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये असे कारकून म्हणाले. म्हणून सिदीला घेता येत नाही. फोंडोला आता काहीच मिळत नाही, तेव्हा मी त्याला सही करायला सांगितले. त्याने खोडलेली ओळ वाचली, मग खालची वाचली, आणि सही केली. पेन माझ्या हातात देताना तो हळू बोलला, पण मी ऐकले आणि नर्स जुम्वा यांनीही ऐकले. "काका, अंधार पडायच्या आत घरी जा."

धमकी असो की काळजी, हे वाक्य मृत्युपत्रात घ्यावे असे मी म्हणालो, आणि तो समोर उभा असतानाच ते लिहिले.

लिहून देणार: चेंगो न्झाई (सही)

आम्ही सर्वांनी एकमेकांसमोर व लिहून देणाऱ्यासमोर सह्या केल्या:
१. म्वेनी थोया, कारकून (सही)
२. जुम्वा चारो, नर्स (सही)
३. फोंडो, लिहून देणाऱ्याचा पुतण्या (सही)

ठिकाण: म्वेम्बेनी, चीफसाहेबांच्या कचेरीपुढे
दिनांक: १९ ऑगस्ट २०१६, ऊन उतरताना