पिवळी पेन्सिल

३ मार्च १९६५

शेजारच्या टेबलावरच्या डेरेकचंच डिझाइन निवडलं! एकसारखी तीन पंखवाली यानं, एकमेकांना चिकटून उभी. दोन तिसऱ्याला अवकाशात ढकलणार, मग सुटून विमानासारखी धावपट्टीवर उतरणार — पुन्हा उडायला तयार. माझं दोन यानांचं डिझाइन कपाटात गेलं. ग्रिमशॉसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाजी मारलीस लेका!" अकरा वर्षांत मला एकदा तरी "लेका"? आणि त्याचं ड्रॉइंग तपासायचं कुणी? मी!

५ मार्च

बरोबर आकड्यावर पिवळी पेन्सिल, चुकीच्यावर लाल. दुपारपर्यंत पिवळीच चालली. नुसता जळफळाट!

मग सापडलं. इंजिनांचं वजन कमी धरलंय, आणि पंख त्याच हिशेबाने बसवलेत. टाक्या रिकाम्या झाल्या की शेपटी जड. यान परतताना उलटणारच. लाल पेन्सिल उचलली... ठेवून दिली. पिवळी फिरवली, खाली सही ठोकली. मॉडेलवाले इंजिनांच्या जागी शिसं भरतात ते मात्र नव्या, खऱ्या वजनाप्रमाणे. पुढच्या शुक्रवारी लंडनच्या पाहुण्यांसमोर हँगरच्या माळ्यावरून मॉडेल सोडतील, तेव्हा बघू कोण लेका ते.

८ मार्च

एडना म्हणाली, "बिनसाखरेचा चहा प्यायलास, वर छान झालाय म्हणालास! कुणाचं वाटोळं झालं?" बायकोपासून काही लपत नाही.

१२ मार्च

मॉडेल सुटलं, नाक वर केलं, आणि शेपटीवर आपटलं. पंख मोडला. एक पाहुणा हसलासुद्धा. ग्रिमशॉसाहेब लालबुंद — "तपासलं कुणी हे?"

तेवढ्यात डेरेक म्हणाला, "चूक माझी, साहेब. बर्नर्डनं मला बजावलं होतं. मीच ऐकलं नाही."

मी बजावलं होतं? मी! आणि मी मोडलेला पंख उचलायला वाकलो. पाहुणे जाताना त्याच्याच पाठीवर थाप मारून गेले. म्हणे, चूक कबूल करणारा माणूस हवा! मेला मोठेपणातही माझ्या पुढेच. आज त्याचा जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता.

१५ मार्च

ड्रॉइंग दुरुस्तीला माझ्याकडे आलं. इंजिनांचं वजन डेरेकनं कुठून घेतलं ते शोधलं. गेल्या वर्षीच्या तक्त्यातून. त्यात पंपांचं वजन धरायचं राहून गेलंय. तक्ता माझा. अक्षर माझं. शेजारी डेरेकची बारीक पेन्सिल, तारीख गेल्या गुरुवारची, मॉडेल सोडायच्या आदल्या रात्रीची — "पंप राहिले. बर्नर्डला एकट्यात सांगायचं."