वारा नसताना

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! घर झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, वर गच्ची. माझी ठकी पाच वर्षांची. रिकामं घर बघून तिने जी धूम ठोकली, आई म्हणाली, सामान लागायच्या आत ही घर डोक्यावर घेणार. नव्या कंपनीने कामही घरूनच दिलंय. घरगुती हवामान केंद्राच्या आकड्यांवरून रोजचा चार ओळींचा गोषवारा काढणारं सॉफ्टवेअर मी लिहायचं. चाचणीसाठी एक केंद्र गच्चीवर बसवूनही दिलं: तापमापक, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, दिशा दाखवणारा बाण.

५ नोव्हेंबर
पहिला गोषवारा निघाला. ऊन चांगलं, पाऊस नाही. शेवटची ओळ मात्र गमतीची: वाऱ्याचा वेग शून्य, दिशा सतत बदलती. साहेबांना फोन केला, ते हसले. वारा पडला की बाण कुठेही अडकून राहतो, ती ओळ गाळून टाका म्हणाले. पण अडकून राहतो तर बदलतो कसा?

७ नोव्हेंबर
कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. झाडाचं पान हलत नव्हतं. वाट्या गप्प. मी या टोकाहून त्या टोकाला गेले, तसा बाण माझ्या मागोमाग फिरला. परत आले, तोही आला. ओढणी धरून ठकी बरोबर होती. तिला फार मजा वाटली. मला नाही वाटली. आईला सांगितलं तर म्हणे, तुझी झोप पुरी होत नाही. मग स्वतःच वर जाऊन आली. खाली येताना गच्चीच्या दाराला कडी घातली.

९ नोव्हेंबर
आज ठकी शाळेत असताना एकटीच वर गेले. बाणाभोवती फिरले. तो जागचा हलला नाही. शाळेकडे तोंड करून होता. शाळा सुटली तसा सावकाश वळत गेला, आई ठकीला घेऊन रस्त्याने येत होती तसा.
म्हणजे परवा तो माझ्या मागे फिरत नव्हताच.

१० नोव्हेंबर
बाण उपटला. तार तोडली. फडक्यात गुंडाळून कपाटात टाकला. तरी गोषवारा आलाच. दिशा पूर्व. ठकी पूर्वेच्या खोलीत चित्र रंगवत होती.

११ नोव्हेंबर
आता वेगही शून्य राहिला नाही. सकाळी दोन, दुपारी नऊ. बाहेर सगळं निश्चल. साहेब म्हणाले, तुमचं केंद्र कालपासून बंद आहे, आकडे कुठून येतायत? यावेळी ते हसले नाहीत. आईने बॅगा भरल्या.

१२ नोव्हेंबर
ताईकडे आलो, दुसऱ्या गावी. गोषवारा फोनवर येतोच आहे. दिशा— हेच गाव. वेग एकतीस. आई ठकीला मांडीवरून उतरू देत नाही.

१३ नोव्हेंबर, दुपार
वेग अठ्ठ्याऐंशी. बाहेर लख्ख ऊन.
ठकी मला म्हणाली, "आई, एवढं धावून तो दमला असेल ना गं?"
कोण, विचारलं. ती दाराकडे बघत राहिली.

फोन फोडून टाकला. दारं लावली. ताईने खिडक्यांना कड्या घातल्या, पंखा बंद केला. आता काहीच—
ठकीची बट. कपाळावरची. वर उचलली जातेय, हळूच, कुणी बोटाने बाजूला करावी तशी—
ती हसतेय. आई, धर तिला, घट्ट धर, सोडू नकोस, तिचे पाय जमिनीला टेकत—