दुसरा हात

५ मार्च, मंगळवार

तीन मिनिटं मिळाली. दूध उतू जायला लागतात तेवढी. आमच्या पक्षाची सभागृहात तीन डोकी, म्हणून तीन मिनिटं — आणि तीही सगळ्यांत शेवटी, मोठ्या पक्षांची माणसं बोलून, टाळ्या वाजवून, घरी गेल्यावर. समोर सात जण बसले होते. त्यातला एक झोपलेला.

मी म्हटलं, लहान दवाखाने बंद करायचं हे विधेयक ज्यांनी लिहिलंय, त्यांनी जन्मात कधी बेडपॅन उचललंय का? झोपलेला जागा झाला. मग म्हटलं, आमच्या दवाखान्यात चोवीस खाटा आहेत आणि —

माइक बंद.

सभापती म्हणाले, "धन्यवाद, आजी." बाकी सगळे 'माननीय सदस्य'. मी आजी.

६ मार्च, बुधवार

कालचं कामकाज छापून आलं. माझं भाषण एका पानाच्या तळाला. 'चोवीस खाटा आहेत आणि'. पुढे कोरं.

त्याच दवाखान्यात मी एकतीस वर्षं आया होते. रिपोर्टवहीत असं अर्धवट लिहिलं असतं तर सिस्टरने माझी सालटी काढली असती. लिहायला तिनेच शिकवलं. आधी सही, मग तारीख, मग वाक्य. म्हणायची, "काय झालं ते लिही, तुला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही." खाट सात, ताप उतरला. खाट नऊ, पेशंटने इंजेक्शनला नकार दिला, नातेवाइकांना कळवलं. ड्यूटी सुटली, वहीची सवय सुटली नाही. खासदार झाल्यावर तर जास्तच. इथे खरं बोलायला दुसरं कोण आहे?

८ मार्च, शुक्रवार

आज म्हाताऱ्याचा मशीनचा दिवस. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. मूत्रपिंडं गेलीत, रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं. दवाखान्यात ते मशीन मीच आणलं. चार वर्षांत खासदार म्हणून मी केलेलं काम एवढं एकच. त्यासाठी मंत्र्याच्या दारात इतकी बसले की त्याचा शिपाई मला त्याच्या घरची दुखणी सांगायला लागला.

आणताना म्हाताऱ्यासाठी आणलं नव्हतं. तेव्हा तो धडधाकट होता. वर्षभराने तोच त्याला जोडला गेला. लोक म्हणतात, बाईने नवऱ्याची सोय केली. म्हणोत. आठवड्याला अकरा जण लागतात त्या मशीनला.

आता विधेयक म्हणतं, तीसच्या खाली खाटा असतील ते दवाखाने बंद. मशीन मोठ्या दवाखान्यात जाणार. साठ किलोमीटर.

फोनवर म्हटलं, "गाडी देणार आहेत म्हणे न्यायला-आणायला."

म्हातारा म्हणाला, "मी साठ किलोमीटर जाणार नाही. इथे मशीन आहे तोवर मी आहे."

"नाटकं नकोत."

"नाटकं तुझ्या सभागृहात. मी आपलं सांगून ठेवलं."

मागून नात ओरडली, "आजी, तू लक्ष नको देऊ, यांनी आज दोन बिस्किटं जास्त खाल्ली." ठीक. पेशंट चिडलेला, म्हणजे प्रकृती बरी. पण मशीन सोडलेल्या माणसाला किती दिवस असतात ते मला कुणी सांगायला नको. आठ. फार तर दहा.

१२ मार्च, मंगळवार

कंगव्याने बोलावलं. कंगवा म्हणजे आमचा पक्षाध्यक्ष. दर दहा मिनिटांनी खिशातून कंगवा काढतो, डोक्यावर केस मोजून चाळीस. तोंडावर साहेब म्हणते. खोलीत तो, मी आणि वकील — झाला पक्ष भरून.

म्हणाला, "काकू, आपण विधेयकाच्या बाजूने."

म्हटलं, "मागच्या महिन्यात तुम्हीच माझ्या दवाखान्यासमोर मांडी घालून बसला होतात. फोटो आहे."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

वेगळी काय, तर आता त्याला उपमंत्री करणार आहेत. वकिलाने नंतर जिन्यात सांगितलं. वकील तसा बरा माणूस आहे. बरा म्हणजे लाज वाटते त्याला, पण ती कामाला लावत नाही.

कंगव्याने पक्षादेशाचा कागद दिला. सही करून घेतली. पक्षादेश मोडला तर खुर्ची जाते. तीन बैलांची गाडी, त्यातला एक बैल हाकणारा, आणि चाबूक केवढा!

१३ मार्च, बुधवार

वकिलाला विचारलं, मी विरोधात मत दिलं तर?

"विधेयक तरीही मंजूर होईल, आजी. त्यांच्याकडे पुरेशी मतं आहेत. फक्त तुम्ही घरी जाल."

"आणि बाजूने दिलं तर?"

"तरी मंजूर होईल. तुम्ही इथे राहाल. पुढेमागे दवाखान्यासाठी काही मागता येईल."

बंद झालेल्या दवाखान्यासाठी काय मागू? कुलूप?

१४ मार्च, गुरुवार

आमच्याकडे मत द्यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. एक डाव्या हाताला, तिथे आपण हजर आहोत म्हणायचं. उजव्या हाताला हिरवं नाहीतर लाल. दुसरी घंटा होईपर्यंत दोन्ही दाबून धरायची. एक हात सुटला की मत गेलं वाऱ्यावर.

पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. कामगारांच्या रजेवर मतदान होतं. मी उजव्या हाताने हिरवं असं दाबलं की अंगठा लाल झाला. डावा हात मांडीवर. बोर्डावर माझ्या नावापुढे दिवाच नाही! दुसऱ्या दिवशी पेपरात — कामगारांच्या खासदार बाई तटस्थ. गावात कुणी माझ्या दारात चप्पल टाकून गेलं. एकच टाकली, तीही तुटकी. तेव्हापासून सभागृहात माझं नाव 'एकहाती'. मतदान आलं की कंगवा वाकून सांगतो, "काकू, दोन्ही हात." आणि मागचे बाक हसतात.

आज तेच आठवत बसले. डोक्यात काहीतरी शिजतंय. वहीतही लिहिणार नाही.

२० मार्च, बुधवार

झालं.

घंटा वाजली. दारं बंद झाली. कंगवा वाकला, "काकू, दोन्ही हात." मी मान हलवली. उजव्या हाताने हिरवं दाबलं, सगळ्यांना दिसेल असं. डावा हात पदराखाली मांडीवर ठेवला. दुसरी घंटा झाली. बोर्डावर माझ्या नावापुढे काही नाही.

ना बाजूने, ना विरोधात. पक्षादेश मोडला म्हणावं तर म्हातारीची चूक. दवाखाना विकला म्हणावं तर मत कुठे दिलं? जाग्यावर बसून मला माझंच कौतुक वाटलं. तेही लिहिते, सिस्टर काही म्हणो.

कारकून बाई चिठ्ठी घेऊन आली. बटण नीट लागलं नसेल तर चिठ्ठीवर मत लिहून देता येतं, निकाल जाहीर व्हायच्या आत. म्हटलं, राहू दे बाई, हात थरथरतो. कंगवा हसला. "असू द्या काकू. एकोणीस जास्त पडलीत." माझ्या पाठीवर थोपटलं. घोड्याला थोपटतात तसं.

विधेयक मंजूर. आता वरच्या सभागृहात जाईल.

२२ मार्च, शुक्रवार

घरी आले. पिशवी ठेवली आणि थेट वॉर्डात गेले. म्हातारा मशीनला लावलेला. नळ्या, रक्त, खाटेसमोर भिंतीवर टीव्ही. शेजारच्या खाटेवर मशीनच्या पुढच्या पाळीचा रिक्षावाला झोपलेला. मी स्टुलावर बसले. चादर नीट केली. पाय सुजलेत का पाहिले.

म्हातारा टीव्हीकडे बघत म्हणाला, "तुझा दुसरा हात कुठे होता?"

म्हटलं, "काय?"

"परवा दाखवलं सगळं. तुझ्यावर कॅमेरा होता. उजवा हात बटणावर. डावा मांडीवर."

"चुकून राहिला."

"चार वर्षांपूर्वी चुकून राहिला होता. तेव्हा तू बोर्डाकडे बघत होतीस, दिवा का लागत नाही म्हणून. परवा बघितलंसुद्धा नाहीस."

एकोणपन्नास वर्षं संसार केला की हा तोटा होतो, काही लपत नाही. मी चिडले. म्हटलं, "अहो, माझ्या एका मताने काय झालं असतं? एकोणीसने मंजूर झालंय ते."

"मी कुठे म्हटलं काही झालं असतं? मी हात कुठे होता ते विचारलं."

मग मशीनने पीं-पीं केलं. सिस्टर आली, नवी आहे, मला ओळखत नाही. म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

२३ मार्च, शनिवार

म्हातारा बोलत नाही. मीही नाही. नातीने दोघांना दोन खोल्यांत चहा दिला आणि म्हणाली, "मी कोणत्या पक्षात आहे ते मला विचारू नका."

३ एप्रिल, बुधवार

विधेयक परत आलं. वरच्या सभागृहाने त्यातले दोन शब्द बदलले. त्यामुळे आमच्याकडे पुन्हा मतदान. दोन शब्दांनी आमचं काही वाचत नाही. फक्त तोच प्रश्न दुसऱ्यांदा परीक्षेत आलाय.

कंगव्याने पुन्हा कागदावर सही घेतली. आता उपमंत्री झालाय, कंगवा चांदीचा आहे.

१० एप्रिल, बुधवार

घंटा वाजली. "काकू, दोन्ही हात," कंगवा म्हणाला. मागे हसले.

दोन्ही हात लावले. लाल दाबलं. दुसरी घंटा होईपर्यंत धरलं. डाव्या हाताला मुंग्या आल्या तरी सोडला नाही. बोर्डावर माझ्या नावापुढे लाल दिवा लागला.

वाटलं होतं, कंगवा ओरडेल. पक्षातून काढेल. मी उत्तरं जुळवून ठेवली होती, एकापेक्षा एक तिखट. पण हात दाखवून अवलक्षण करायला निघाले तर हाताकडे कुणी बघेचना! कंगवा हसायलाच लागला. "काकू, अहो काकू, या वेळी दोन्ही हात लावलेत तर रंग चुकलात." कारकून बाईला त्यानेच बोटाने बोलावलं. चिठ्ठी त्यानेच भरली — चुकून लाल दाबले, मत बाजूने. माझ्यापुढे पेन धरलं. "इथे सही."

म्हटलं, "चुकलेलं नाही."

"असं कसं? बोर्ड बघा, लाल आहे."

"लालच दाबलंय."

"काकू, लाल म्हणजे विरोधात."

"एकतीस वर्षं रक्ताच्या चादरी धुतल्यात. लाल कळतं मला."

वकील माझ्या कानाशी म्हणाला, "आजी, खुर्ची जाईल." त्याला म्हटलं, तू तुझ्यावर नीट बस. सही केली नाही. तीन वेळा विचारलं, तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी कुठे कंगव्याचं हसू उतरलं.

विधेयक मंजूर. या खेपेला बावीसने.

११ एप्रिल, गुरुवार

पेपरात चार ओळी. 'ज्येष्ठ महिला खासदाराकडून पुन्हा चुकीचे बटण.'

१२ एप्रिल, शुक्रवार

घरून फोन. म्हाताऱ्याने स्वतः लावला, एरवी नात लावून देते. म्हणाला, "दिसले. दोन्ही."

म्हटलं, "जेवलात का?"

"जेवलो."



२९ एप्रिल, सोमवार

खुर्ची गेल्याचं पत्र. कंगव्याने सभापतींना लिहून दिलं होतं. खोली आठ दिवसांत रिकामी करा. रिकामं करण्यासारखं काय आहे? दोन पिशव्या, एक चटई, आणि छापील कामकाजाचे गठ्ठे. गठ्ठे ठेवले तिथेच. एक पान तेवढं फाडून घेतलं, 'आणि'चं.

३ जून, सोमवार

दवाखाना बंद झाला. खाटा ट्रकमध्ये गेल्या, मशीन शेवटी. हमालांनी ते आडवं करायला घेतलं तेव्हा मी धावले, म्हटलं, उभं न्या रे, पाण्याच्या नळ्या तुटतील. त्यांनी ऐकलं. आज माझं ऐकलेलं एवढंच.

रिक्षावाला आणि बाकीचे उद्यापासून सरकारी गाडीने जाणार. पहिली फेरी सकाळी सात. म्हाताऱ्याची पिशवी भरून दाराशी ठेवली — टॉवेल, स्वेटर, फाइल.

त्याने पिशवीकडे पाहिलं. काही म्हणाला नाही. मला वाटलं, ठीक आहे.

४ जून, मंगळवार

सात वाजता गाडी आली. पेशंट शुद्धीवर, बोलणं स्पष्ट. जायला नकार दिला. तीन वेळा विचारलं, तीन वेळा नाही म्हणाला. चुकून म्हणत नाही. गाडी सव्वासातला गेली.

नातेवाइकांना कळवलं.