राजाच्या कोटातली निळी पट्टी

मालवण, शुक्रवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९६४

निळी झाली! आज माझी पट्टी निळी झाली.

दादा दशावतारी नाटकात राजा होतो. पावसाळ्यात त्याच्या मखमली कोटाला बुरशी येते, आणि गेल्या वर्षी ऐन युद्धाच्या प्रवेशात राजा शिंकतच सुटला. लोक अजून हसतात. म्हणून मी मुंबईहून बुरशी मारणारा ओझोन वायू सोडणारं यंत्र आणलं. ते नुसतं गुणगुणतं, असं घरात सगळ्यांनी ऐकवलं.

मग मीही हट्टाला पेटलो. पेजेच्या निवळीत पोटॅशियम आयोडाइड घालून कागदाच्या पट्ट्या भिजवल्या. ओझोन लागला की त्या निळ्या व्हायलाच हव्यात, शाळेत मीच शिकवतो ना हे? तरी रोज पांढऱ्याच. यंत्र खोटं की मी?

आज लवकर परतलो तेव्हा कळलं. मी यंत्र लावून बाहेर पडलो की आई गुपचूप खोलीत गंधक पेटवून यायची! त्या धुराने निळा रंग उडतो.

"तुझ्या मशिनीक हातभार म्हणान जाळी होतंय रे."

हसावं की रडावं? गंधक बंद केलं. तासाभरात पट्टी निळी, कोटाच्या बाहीत खोचलेलीसुद्धा!

खिडक्या उघडून खोलीत वारा खेळू दिला आणि कोट दादाला दिला.

"माका शिंक इली तर मशीन दर्यात टाकतलंय," म्हणत त्याने बाही नाकाशी धरली. आम्ही श्वास रोखून उभे. शिंक नाही! अंगणात जाऊन राजा असा गरजला की शेजारची कुत्री पळाली.

आई म्हणाली, "गंधकाचो गुण!"

म्हणू दे. पट्टी माझ्या खिशात आहे, आणि ती निळी आहे.