उपडी जोडलेली फळी

बाबा,

आज सकाळी माझ्या घरातले सगळे दिवे आपोआप लागले. पंखा फिरला, रेडिओ खरखरला, दाराची बेल वाजत सुटली. कुणी बटन दाबलं नव्हतं. हे तुम्हालाच सांगावं असं वाटलं, आणि वाटल्यावर माझाच मला राग आला. पस्तीस वर्षं तोंड उघडलं नाही, ते आता कागदावर उघडून कुणाचं भलं होणार आहे? तरी लिहिते. तुम्ही गेलात ते माझ्या हातच्या चुकीनं गेलात. हे वाक्य मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही. मनातल्या मनात म्हणतानाही अर्ध्यावर सोडते.

तुम्हाला कॉम्प्युटर माहीत नाही. टाइपरायटरला सिनेमाचा छोटा पडदा लावावा, तसा दिसतो. त्याच्या पाठीला छपाईचं यंत्र जोडायची एक जागा असते, पंचवीस भोकांची. त्यातल्या आठ भोकांत आपण सांगू तेव्हा थोडासा करंट येतो, जेमतेम पाच व्होल्ट, मुंगीलाही चटका बसायचा नाही. पण तेवढ्यावर ट्रान्झिस्टर नावाचा वाटाण्याएवढा तुकडा चालतो, ट्रान्झिस्टरवर बोटभर रिले चालतो आणि रिलेवर घरातला दिवा. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ती खट्‌कन ओढून घेणारी कॉइल असायची ना, तिचंच हे पिल्लू. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिते. एकचा आकडा धाडला की पहिला दिवा, दोन धाडला की दुसरा, चार धाडला की पंखा, आणि शून्य धाडला की सगळं बंद. अमरावतीला मी पोट्ट्यांना हेच शिकवते. गोम एवढीच, की मशीन सुरू होताना, प्रोग्राम यायच्या आधी, त्या आठ तारा वाटेल तशा वागतात. आज मी रिले आधी जोडून ठेवले आणि मशीन नंतर लावलं, म्हणून घर पेटल्यासारखं झालं. वर्गात दर वर्षी बजावते, पडद्यावर शून्य दिसलं म्हणून तारेवरही शून्य आहे असं धरू नका, हात लावायच्या आधी तपासा. सांगता सांगता आवाज चढतो. पोट्टे म्हणतात, मॅडम लय कडक. कडक कुठली, बाप्पा! भ्यालेली बाई आहे मी.

अकोल्याचं आपलं घर दोन खोल्यांचं. वर टिनं, खाली शेणानं सारवलेली जमीन. तुम्ही जिनिंगमध्ये वायरमन, आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या घरांची वायरिंग करायचात. ज्यांच्या अंगणात तुम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं, त्यांच्या देवघरातला दिवाही तुमच्याच हातचा. आईचे पाय धाकट्याच्या बाळंतपणात गेले. तो धाकटाही राहिला नाही, आणि आई मागच्या खोलीतल्या खाटेवरून पुन्हा उठली नाही. त्या खोलीला खिडकी नव्हती, भर दुपारी दिवा लागायचा. तुम्ही तिच्या उशाशी चार बटनं बसवली. एक दिव्याचं, एक जिनिंगच्या साहेबानं टाकून दिलेल्या आणि तुम्ही जिवंत केलेल्या पंख्याचं, एक पुढच्या खोलीतल्या रेडिओचं, आणि एक चुलीपाशी मला बोलवायच्या बेलचं. ज्या बाईला कूस बदलायला माणूस लागायचं, तिच्या एका बोटावर घर चालायला लागलं. मोहल्ल्यातल्या बाया बघायला यायच्या. आई बटन दाबायची आणि म्हणायची, "मी काई उगीच पडून नाई राहिली वं, कारखाना चालवून राहिली!" तिचं ते हसणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

तेव्हाच्या तारा दोन्ही काळ्याच, सुती वेष्टनाच्या. करंटची कोणती आणि परतीची कोणती, हे पाहून कळायचं नाही. तुमची रीत अशी, की करंटच्या तारेला दोन्ही टोकांना लाल दोऱ्याचा वेढा. दोरा आईच्या लुगड्याचा. बटन त्याच तारेवर बसवायचं, म्हणजे बंद केलं की करंट बटनापाशीच थांबतो. परतीच्या तारेवर बसवलं तरी दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक वाटतं. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये करंट तसाच बसून राहतो. मी मॅट्रिकला असताना ही चूक एकदा केली होती. तुम्ही माझ्या हातात टेस्टर दिला आणि विझलेल्या दिव्याच्या होल्डरला लावायला सांगितला. टेस्टर लखकन लागला. "दिवा इझला म्हून तार मेली असं नसते, पोरी," तुम्ही म्हणालात. "लोकं दिव्याकडे पायतात. वायरमननं तारेकडे पाहा लागते." मग दोन दिवस हत्याराला हात लावू दिला नाही. मी रुसून जेवले नव्हते, तुम्ही समजूतही काढली नाहीत.

मी इंटर सायन्सला गेले त्या साली घुशींनी आईच्या खोलीची लाइन कुरतडली. तुम्ही तीन दिवस अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला गेला होता. म्हटलं, बाबा येईपर्यंत आपणच करून टाकू, आश्चर्य वाटेल त्यांना. घराचा मेन स्विच काढला, पट्टीवर नवी तार टाकली. दोरा बांधायची वेळ आली तेव्हा मला हसू आलं. दोरे बांधणं म्हणजे ताईत बांधल्यासारखं. डावी करंटची, उजवी परतीची, एवढं माझ्या ध्यानात राहणार नाही का? पुढच्या खोलीतल्या मेनची फळी मी मांडीवर उपडी घेतली, पाठीमागून स्क्रू आवळले, सुलटी केली आणि भिंतीवर टांगली. उपड्या फळीचं डावं ते सुलटीचं उजवं. चौथीतलं पोरगं सांगेल. इंटर सायन्सवालीला दिसलं नाही.

तुम्ही परत आलात. आईनं दिवा लावून दाखवला, विझवून दाखवला, "पाहा, तुमच्या पोरीनं केलं!" तुम्ही खिशातून टेस्टर काढला. मग माझ्याकडे पाहिलंत आणि तो परत खिशात ठेवलात. "इंटरवाल्याईचं काम हाये. त्याले आपन अडाणी मानसानं कायले तपासा?" थट्टाच होती. पण बाबा, मी फुलून गेले होते. नंतर डिग्री मिळाली, नोकरी लागली, तेवढा आनंद कशानंच झाला नाही. तपासलं का नाही हो? जन्मात एकदा तपासलं नाहीत, तेही माझंच काम.

चार दिवसांनी सुट्टी होती. मी सकाळीच दोन्ही खोल्या सारवून काढल्या होत्या, जमीन अजून ओली होती. कामावर तुम्ही टायरच्या चपला कधी उतरवल्या नाहीत. पण धम्म घेतल्यापासून भिंतीवरच्या फोटोसमोर कुणी चपला घालून फिरायचं नाही, हा नियमही तुमचाच. दुपारी आई म्हणाली, "अवो, हा दिवा लुकलुक करून राह्यला, पाहा ना जरा." मी पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. "बटन बंद कर," तुम्ही म्हणालात. "केलं," आई म्हणाली. अनवाणी, ओल्या जमिनीवर उभं राहून तुम्ही पितळी होल्डर मुठीत धरला असणार. मग आईची किंचाळी आली, "पोरी, बंद कर वं! सारं बंद कर!" मी मेन ओढला. तसा तुमच्या पडण्याचा आवाज आला.

डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी जिनिंगचे थोरले वायरमन आले. त्यांनी आईच्या बटनापासून मेनच्या फळीपर्यंत सगळं तपासलं. बटन बंद करून होल्डरला टेस्टर लावला, लागला नाही. "वायरिंग चोख हाये," ते म्हणाले. "बटन चालू राह्यलं असन." मी फळी उलटी जोडली होती, तरी त्यांना ती चोख सापडली. ती कशी, ते शेवटी सांगते. सांगावंच लागेल. "मी बंद केलतं," आई म्हणाली. "माह्या डोयानं दिवा इझलेला पाह्यला." पण भीतीनं तिनं नंतर चारही बटनं खालीवर केली होती, कोणतं कधी दाबलं ते कोण सांगणार? शेजारची म्हातारी म्हणाली, "घाबऱ्याघाबऱ्या चुकीचं दाबलं असन बिचारीनं." बाकीचे म्हणाले, पट्टीचा पोहणाराच बुडतो. सगळे खाटेकडे बघत होते आणि आई आपल्या बोटांकडे.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. पहिलं वर्षभर म्हणायची, मी बंद केलतं. मग म्हणायला लागली, केलं असन बहुतेक. मग एक दिवस म्हणाली, "माह्याच हातानं झालं वं." मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. जीभ झडली होती का माझी? मला अमरावतीला नोकरी लागल्यावर तिला तिकडं आणलं आणि हौसेनं उशाशी बेल बसवून दिली. तिनं तिच्यावर फडकं टाकून ठेवलं. तहान लागली तरी हाका मारायची, आणि मी वर्गात असले तर तशीच तहानलेली पडून राहायची. एकाही बटनाला तिनं पुन्हा बोट लावलं नाही. अगदी शेवटच्या दुखण्यात तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "मी बंदच केलतं ना वं? तू त होती तिथंसा." एक 'हो' म्हणायचं होतं. फक्त 'हो'. मी म्हणाले, "जाऊ दे ना आई, झालं ते झालं." तिनं मनगट सोडलं. तिला ते उत्तर कसं लागलं असेल, हे मला तेव्हाही कळत होतं.

तर ते फळीचं. आई समजत होती, मी मेन ओढला आणि धावत आत आले. सगळे तेच समजत होते. मी धावत आले नाही, बाबा. मेनच्या दांड्यावर हात असतानाच मला फळी दिसली, आणि डावंउजवं त्याच क्षणी कळलं. शेजारच्या कप्प्यात स्क्रू आवळायचा पेचकस होता. आतल्या अंधारात आई माझ्या नावानं टाहो फोडत होती, "ये वं, लवकर ये, मले उठता नाई येत!" मी फळी खाली उतरवली, पाठीमागचे दोन्ही स्क्रू सोडले, तारा अदलाबदल केल्या आणि स्क्रू आवळले. दुसऱ्याचे आटे धरत नव्हते, तर तो पूर्ण काढून पुन्हा नीट बसवला. फळी परत टांगली, मग आत आले. तुम्ही आईच्या खाटेच्या अगदी जवळ पडला होता, तिला तुमचा श्वास ऐकू आला असता. तो तेव्हा चालू होता की नव्हता, हे मी तिला अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.